मॅलमच्या वाटा: मुले आणि आजी-आजोबा यांना घेऊन चालताना

इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशर डेल्स राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण भागात मॅलम नावाचे एक छोटे गाव आहे. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मध्यावर एक ‘एच’ येतो, पण गावकरी तो उच्चारत नाहीत. करड्या दगडांची घरे, मधून वाहणारा ओढा, दोन पब, एक-दोन चहाची दुकाने आणि चहूबाजूंनी चढत गेलेली कुरणे एवढाच या गावाचा पसारा आहे. तरीही लीड्स, ब्रॅडफर्ड आणि मँचेस्टर या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना सहकुटुंब चालण्यासाठी पहिले ठिकाण कोणते सुचवावे, असे मला कोणी विचारले तर मी मॅलमचेच नाव घेतो. धबधबा, घळ, प्रचंड कडा आणि तळे या चार गोष्टी येथे इतक्या जवळजवळ आहेत की त्यांतील एकच पाहून परत फिरले तरी दिवस पुरा झाल्यासारखा वाटतो.

या शेवटच्या वाक्यावरच पुढचे सारे बेतलेले आहे. सहकुटुंब चालण्याचा बेत किलोमीटर मोजून आखू नये, तो परत फिरण्याच्या जागा मोजून आखावा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा हे ठाऊक नव्हते. ऑक्टोबर महिना होता, धाकटी पाच वर्षांची होती, आणि पूर्ण वर्तुळाकार वाट करायचीच असा माझा हट्ट होता. घळीनंतरच्या चढावर तिने गवतात बसकण मारली ती मारलीच. तिला खांद्यावर घेऊन उरलेली वाट चाललो आणि कड्याशेजारच्या सुमारे चारशे दगडी पायऱ्या संधिप्रकाशात उतरलो. त्यानंतर मी निघण्यापूर्वी नकाशावर सर्वांत आधी परत फिरण्याच्या जागांवर पेन्सिलने खुणा करतो.

सोबत कोण आहे, यावरून वाट निवडावी

मॅलमची प्रसिद्ध वर्तुळाकार वाट साधारण साडेसात ते आठ किलोमीटरची आहे. गाव, जॅनेट्स फॉस हा धबधबा, गॉर्डेल स्कार ही घळ, मॅलम कोव्ह हा कडा आणि पुन्हा गाव, असा तिचा क्रम आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालण्याच्या वेळेचा एक आडाखा सांगितला होता, तो आजही येथे वापरला जातो: तासाला तीन मैल, आणि दर दोन हजार फूट चढाईमागे आणखी एक तास. हा आडाखा धडधाकट प्रौढ माणसासाठी आहे. पाच-सहा वर्षांचे मूल बरोबर असेल तर थांबे धरून तासाला दोन किलोमीटर एवढाच हिशेब ठेवावा, कारण ते प्रत्येक फाटकावर लोंबकळणार, ओढ्यात खडे टाकणार आणि मेंढीच्या लोकरीचा पुंजका दिसला की तो खिशात कोंबणार. म्हणजे ज्या वाटेला प्रौढांना अडीच-तीन तास पुरतात, तिला जेवणाची वेळ धरून पाच तास द्यावे लागतात.

आठ-नऊ वर्षांच्या वरची, चालण्याची सवय असलेली मुले पूर्ण वर्तुळ सहज करतात. चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी धबधबा आणि घळ पाहून त्याच वाटेने परत यावे. जाऊन-येऊन सुमारे सहा किलोमीटर होतात. गुडघेदुखी असलेले आजी-आजोबा किंवा बाबागाडीतले बाळ सोबत असेल तर गावातून कड्याच्या पायथ्यापर्यंतची वाट सर्वांत सोयीची आहे. मोठे कुटुंब असेल तर दोन गट करून दुपारी गावात एकत्र भेटणे हा उत्तम तोडगा आहे. मात्र भेटीची वेळ आणि जागा आधीच ठरवून घ्यावी, कारण या दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज मिळेल असे धरून चालता येत नाही.

ऋतूचा विचार तितकाच महत्त्वाचा आहे. जूनमध्ये येथे रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, तर डिसेंबरमध्ये पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला या फरकाचा अंदाज पटकन येत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात सकाळी दहाच्या आत चालायला लागावे आणि कोठेही असलो तरी दुपारी दोन वाजता परतीचा विचार करावा. मुलांसाठी सर्वांत सुंदर काळ एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचा असतो.

वाट कोणाची आणि खुणा कसल्या

‘राष्ट्रीय उद्यान’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे ताडोबासारखे निर्मनुष्य राखीव जंगल येते. येथे तसे नाही. यॉर्कशर डेल्सला हा दर्जा १९५४ मध्ये मिळाला, पण आतली गावे, शेते आणि कुरणे पूर्वीसारखीच नांदती आहेत, आणि बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे. इंग्लंडमध्ये ‘सार्वजनिक पाऊलवाट’ म्हणून नोंद असलेल्या वाटेवरून, ती कोणाच्याही शेतातून जात असली तरी, चालण्याचा कायदेशीर हक्क प्रत्येकाला आहे. शिवाय २००० सालच्या कायद्याने डोंगर, माळ आणि पडीक कुरणांचे मोठे पट्टे पायी फिरणाऱ्यांसाठी खुले केले. म्हणजे आपण शेतकऱ्याच्या अंगणातून हक्काने चालतो, आणि म्हणूनच वाट सोडून गवत तुडवत जाणे अशोभनीय ठरते. त्या गवताचाच पुढे चारा होतो.

खांबांवर आणि फाटकांवर छोटे बाण लावलेले असतात, ते मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावेत. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. निळा म्हणजे घोडेस्वार आणि सायकलस्वार यांनाही मुभा असलेली वाट. ओकच्या फळाचे चिन्ह दिसले की ती राष्ट्रीय पदयात्रा मार्गाची खूण समजावी. मॅलममधून पेनाइन वे हा इंग्लंडमधला असा पहिला मार्ग जातो. डर्बीशरमधील ईडेल गावापासून स्कॉटलंडच्या हद्दीतील कर्क येथॉमपर्यंत २६८ मैल पसरलेल्या या मार्गाचे औपचारिक उद्घाटन १९६५ मध्ये मॅलमजवळच्याच माळावर झाले. ‘पुढचा बाण आधी कोण शोधतो’ हा खेळ लावला की किमान एक तास ‘आणखी किती राहिलंय’ हा प्रश्न कानी येत नाही.

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचा एकास पंचवीस हजार प्रमाणाचा, ‘ओएल २’ क्रमांकाचा कागदी नकाशा सोबत ठेवावा. त्यात पाऊलवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात आणि शेतांच्या भिंतीसुद्धा दिसतात. फोनमधले ॲप चांगलेच आहे, पण थंडीत बॅटरी झरझर उतरते.

अंगावर काय, पाठीवर काय

या देशात वारा असतो म्हणून छत्रीचा उपयोग नाही. प्रत्येकाकडे टोपीसह जलरोधक जाकीट असावे, आत पातळ कपड्यांचे दोन-तीन थर असावेत आणि जीन्स घरीच ठेवावी, कारण ती भिजली की जड होते, अंग गारठवते आणि दिवसभर वाळत नाही. आजींना साडी किंवा सलवार-कमीजवर चालायचे असेल तर कड्याच्या पायथ्याची वाट कोरड्या दिवशी तशीही करता येते. तळवा खाचांचा असलेले बूट मात्र हवेतच.

बुटांबद्दल थोडे थांबून लिहितो, कारण सह्याद्रीत वाढलेल्या माणसाची येथे फसगत होते. आपला काळा कातळ बेसॉल्टचा आहे. पावसाळ्यातले शेवाळ सोडले तर खडबडीत बेसॉल्ट पाय धरून ठेवतो. मॅलमचा दगड चुनखडीचा आहे, सुमारे तेहतीस कोटी वर्षांपूर्वी उबदार उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला. लाखो पावलांनी तो घोटून गुळगुळीत केला आहे. कोरडा असताना तो निरुपद्रवी दिसतो. पावसाची एक सर येऊन गेली की त्यावर साबण फिरवल्यासारखा पाय सटकतो. हरिश्चंद्रगड चढलेल्या माझ्या मित्राने पहिली आपटी येथेच, सपाटीवर खाल्ली.

पिशवीत पाणी, प्रत्येक मुलासाठी पायमोज्यांचा एक जादा जोड, प्रथमोपचाराची पेटी, शिट्टी आणि हिवाळ्यात विजेरी ठेवावी. खाण्यासाठी भाजी भरून गुंडाळलेली पोळी सर्वोत्तम ठरते, कारण ती हातमोजे घालूनही खाता येते. तिच्या जोडीला शेंगदाण्याची चिक्की किंवा डिंकाचा लाडू आणि थर्मासमध्ये चहा असला की पुरे. वाटेवर कचऱ्याचे डबे नसतात, तेव्हा सर्व कचरा, संत्र्याची साल आणि केळ्याचे सालपटसुद्धा, परत आणावा. ‘साल कुजेल, कोणीतरी खाईल’ ही आपली समजूत येथे लागू पडत नाही. त्या थंडीत ते फार हळू कुजते.

मॅलमला पोहोचणे

लीड्सहून मोटारीने सव्वा तास धरावा. गावाच्या तोंडाशीच राष्ट्रीय उद्यानाचे माहिती केंद्र आणि त्याचा सशुल्क वाहनतळ आहे. स्वच्छतागृहही तेथेच आहे, आणि पुढच्या वाटेवर सोय नसल्याने मुलांना ‘नकोय’ म्हणत असली तरी एकदा नेऊन आणावे. सुटीच्या उन्हाळी दिवसांत हा तळ लवकर भरतो. तेव्हा अरुंद रस्त्याच्या कडेला मोटार कशीबशी घुसवण्यापेक्षा सकाळी लवकर पोहोचावे, कारण त्याच रस्त्यावरून ट्रॅक्टर आणि प्रसंगी रुग्णवाहिकाही जायची असते. मोटार नसेल तर लीड्सहून स्किप्टनपर्यंत आगगाडी आहे, तिला पाऊण तास लागतो. तेथून मॅलमला बस मिळते, पण फेऱ्या मोजक्या आहेत आणि वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलते. शेवटची बस किती वाजता आहे ते पाहिल्याशिवाय घर सोडू नये.

पहिला टप्पा: गावापासून जॅनेट्स फॉसपर्यंत

माहिती केंद्रातून बाहेर पडून डावीकडे गावात शिरावे. थोड्या अंतरावर ओढ्यावर छोटा पादचारी पूल लागतो. तो ओलांडून लगेच उजवीकडे वळावे, म्हणजे पाण्याचा प्रवाह आपल्या उजव्या हाताला राहतो. येथून सुरू होणारी, बारीक खडी दाबून केलेली वाट कुरणांमधून जाते आणि मग डावीकडे वळून एका जुन्या दगडी कोठाराजवळून रानाकडे निघते. धबधब्यापर्यंतचे अंतर सुमारे दोन किलोमीटर आहे आणि चढ जवळजवळ नाही.

हा ओढा एके काळी हद्द होता. मध्ययुगात त्याच्या पश्चिमेची जमीन फाउंटन्स ॲबी या मठाकडे आणि पूर्वेची बोल्टन मठाकडे होती. दोन्हीकडच्या भिक्षूंचा मुख्य व्यवसाय मेंढ्यांचा आणि लोकरीचा. दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या भिंती चुना-सिमेंटाशिवाय, नुसते दगड रचून केलेल्या आहेत. कोकणातल्या माणसाला हा गडगा आहे हे सांगावे लागत नाही. जवळ जाऊन पाहिले तर तिचे दोन पदर दिसतात, मध्ये बारीक दगडांची भर असते आणि ठरावीक उंचीवर दोन्ही पदरांना बांधणारे लांब आडवे दगड घातलेले असतात. या भिंतींवर मुलांना चढू देऊ नये. एक दगड निसटला की त्यावरचे पाच घरंगळतात, आणि भगदाड पडले की मेंढ्या पलीकडे जातात.

भिंत ओलांडायला तीन प्रकारच्या सोयी असतात: साधे फाटक, एका वेळी एकाच माणसाला जाऊ देणारे झुलते फाटक, आणि भिंतीतच बसवलेल्या पायऱ्या. फाटक जसे मिळाले तसेच सोडावे. बंद होते तर बंद करावे. उघडे बांधून ठेवलेले असेल तर ते बंद करू नये, कारण शेतकऱ्याने ते गुरांना पाण्यापर्यंत जाता यावे म्हणूनच उघडे ठेवलेले असू शकते.

रानात शिरताच एप्रिल-मे महिन्यांत लसणाचा दरवळ येतो. ओढ्याच्या दोन्ही काठांवर रानलसूण फुललेली असते, पांढऱ्या चांदण्यांसारखी. मुलांनी पान चुरगाळून वास घ्यायला हरकत नाही, पण तोंडात घालू देऊ नये, कारण त्याच जागी त्याच्याशी साम्य असलेल्या विषारी झाडाची कोवळी पानेही उगवतात. येथून वाट खडकाळ आणि ओलसर होते, त्यामुळे बाबागाडी आणली असेल तर तिचा प्रवास रानाच्या तोंडाशी संपला असे समजावे. बाळाला पाठुंगळीच्या झोळीत घेणे बरे.

वाटेत आडव्या पडलेल्या ओंडक्यांमध्ये लोकांनी हजारो नाणी ठोकून बसवलेली दिसतात. आपल्याकडे नवसाच्या झाडाला चिंध्या बांधतात, त्याच जातीचा हा प्रकार. मुले अर्थातच खिसे चाचपू लागतात. नाण्यांवरून बोट फिरवून पाहण्यावर त्यांचे समाधान करावे.

धबधबा उंच नाही, पण त्याखालचा डोह हिरवट आणि देखणा आहे. ‘फॉस’ हा धबधब्यासाठीचा जुना नॉर्स शब्द, आणि जॅनेट ही पऱ्यांची राणी. ती पाण्यामागच्या गुहेत राहते अशी लोककथा आहे. पाण्यात विरघळलेला चुना शेवाळावर साचत जाऊन पडद्यासारखा दगड तयार झाला आहे आणि पाणी त्यावरून घसरत येते. पूर्वी लोकर कातरण्याआधी गावकरी मेंढ्यांना याच डोहात धूत असत, आणि तो दिवस गावच्या जत्रेसारखा असे. उन्हाळ्यातही पाणी बर्फासारखे असते. पाय बुडवून बसण्यापुरते ठीक. पोहायला उतरू नये.

ही परत फिरण्याची पहिली जागा. मुले दमली असतील, आभाळ भरून आले असेल, तर येथूनच मागे वळावे. त्यांच्या दृष्टीने पऱ्यांच्या राणीचे घर पाहून झालेले असते.

दुसरा टप्पा: गॉर्डेल स्कार

धबधब्याच्या डाव्या अंगाने थोडे चढले की डांबरी रस्ता लागतो. तेथे उजवीकडे वळावे. पदपथ नसल्याने सर्वांनी एका रांगेत, समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने उजव्या कडेने चालावे आणि मुलांना आतल्या बाजूला ठेवावे. थोड्याच अंतरावर पूल येतो, आणि तो ओलांडल्यावर डावीकडच्या फाटकातून घळीकडे वाट जाते. ही वाट सपाट आणि खडी दाबलेली आहे.

सुरुवातीला काहीच दिसत नाही. दोन्हीकडचे डोंगर हळूहळू जवळ येतात, वाट एक वळण घेते, आणि अचानक आपण सुमारे शंभर मीटर उंचीच्या, वर एकमेकींकडे झुकलेल्या भिंतींमध्ये उभे असतो. समोर कातळाच्या भोकातून पाणी कोसळत असते. जेम्स वॉर्ड या चित्रकाराने १८१२ ते १८१४ या काळात या घळीचे चित्र काढले, ते सव्वातीन मीटरहून उंच आणि चार मीटरहून रुंद आहे. लंडनच्या टेट ब्रिटन या संग्रहालयाकडे ते आहे. चित्र एवढे मोठे का, हा प्रश्न घळीत उभे राहिल्यावर पडत नाही.

नकाशावर वाट धबधब्याच्या बाजूने वर गेलेली दाखवली आहे आणि काही लोक तेथे हातापायांनी चढताना दिसतीलही. लहान मुलांना घेऊन तो चढ करू नये, आणि कोणीही तो उतरण्यासाठी वापरू नये. भिंतींच्या अगदी पायथ्याशी बसून डबा उघडणेही टाळावे, कारण वरून दगड सुटतात. आम्ही वळणाच्या अलीकडे, गवतावर बसून जेवतो.

जेवण झाल्यावर मोठ्यांनी मुलांसमोर चर्चा न करता ठरवावे की पुढे जायचे की मागे. ही परत फिरण्याची दुसरी आणि खरी महत्त्वाची जागा आहे, कारण पुढच्या दीड-दोन तासांत मध्येच सोडून देण्याजोगे ठिकाण सहज मिळत नाही.

तिसरा टप्पा: चढ, आणि कड्याचा माथा

आल्या वाटेने रस्त्यावर परतून मॅलमच्या दिशेने पूल ओलांडावा आणि उजव्या हाताला कोव्हचा फलक असलेली पाऊलवाट धरावी. कुरणांमधून जाणारा हा सलग चढ अवघड नाही, पण कंटाळवाणा आहे. आमच्या धाकटीने बसकण मारली ती येथेच. चिक्की या चढासाठी राखून ठेवावी. आधीच वाटून टाकली तर पालकांकडे काही हुकुमाचे पान उरत नाही. वर एक अरुंद रस्ता लागतो, तो जपून ओलांडून पुन्हा गवतातली वाट धरली की सुमारे तीन किलोमीटरच्या चालीनंतर माथा येतो.

माथ्यावर चुनखडीची विस्तीर्ण फरसबंदी आहे. हिमयुगात बर्फाने वरची माती खरवडून नेली, दगड उघडा पडला, आणि नंतर हजारो वर्षे किंचित आम्लधर्मी पावसाने त्यातल्या चिरा विरघळवून रुंद केल्या. उंचवट्याच्या लाद्यांना स्थानिक भाषेत क्लिंट आणि मधल्या भेगांना ग्राइक म्हणतात. एखाद्या भेगेशी मुलांना पोटावर झोपवून आत पाहायला सांगावे: वर वारा कान बधिर करत असतो आणि खाली, हातभर खोलीवर, निवाऱ्यात जिभेच्या आकाराची नेचाची पाने ओल्या भिंतीला चिकटून स्वस्थ उभी असतात. मेंढ्यांचे तोंड पोहोचत नाही म्हणून ती टिकली आहेत.

येथे दोन नियम कडक पाळावेत. लाद्यांवर पळायचे नाही, कारण काही लाद्या डुगडुगतात आणि भेगेत पाय अडकून घोटा मोडू शकतो. आणि कड्याच्या काठाकडे जायचे नाही: कडा सुमारे ऐंशी मीटर खोल आहे, त्याला कठडा नाही, आणि फरसबंदी संपते कोठे हे जवळ जाईपर्यंत नीट कळत नाही. मुलांची बोटे धरून, काठापासून बरेच आत राहून, पश्चिमेकडे फरसबंदी ओलांडावी. दगड ओला असेल तर तिच्यावरून न जाता मागच्या गवताकडून फेरा घेतलेला चांगला.

पश्चिम टोकाला सुमारे चारशे पायऱ्यांचा उतार आहे. पायऱ्या असमान आहेत. एक प्रौढ मुलांच्या पुढे आणि एक मागे असावा, आणि चढणाऱ्यांना आधी वाट द्यावी.

कड्याच्या पायथ्याची सोपी वाट

पायऱ्या उतरून आलेले लोक ओढ्याकाठच्या रुंद, बांधीव वाटेने दीड किलोमीटर चालून गावात परततात. हीच वाट उलट दिशेने, गावातून उत्तरेकडे जाऊन, आजी-आजोबा आणि बाबागाडी यांच्यासाठी स्वतंत्र सहल म्हणून करता येते. माझे आई-वडील उन्हाळ्यात आले होते तेव्हा वडिलांना दोन वेळा टेकायला जागा लागली, पण तक्रारीचा सूर कोठेही निघाला नाही. वाटेतल्या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांची जुनी शेते दिसतात. ती पाहून त्यांना आमच्या गावाकडची नाचणीची खाचरे आठवली, आणि उरलेली वाट त्या गप्पांतच सरली. शेवटचे काही मीटर दगडधोंड्यांचे आहेत, तेव्हा गाडी थोडी अलीकडे ठेवावी.

कडा सुमारे तीनशे मीटर रुंद आहे. हिमयुगाच्या शेवटी वितळणाऱ्या बर्फाचे पाणी त्यावरून कोसळत असे. आता तो कोरडा असतो. अपवाद डिसेंबर २०१५ चा: डेस्मंड वादळाच्या अतिवृष्टीत काही काळ येथे पुन्हा धबधबा वाहिला. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला कड्यावर बहिरी ससाणे घरटे करतात. दुर्बीण न्यावी.

मुलांना आवडणारे एक कोडेही येथेच आहे. कड्याच्या उत्तरेला माळावर, समुद्रसपाटीपासून ३७७ मीटर उंचीवर, मॅलम टार्न हे तळे आहे. त्यातून निघालेला ओढा थोडे वाहून जमिनीत गडप होतो. कड्याच्या पायथ्यातून एक ओढा बाहेर पडतो. साहजिकच दोन्ही एकच, असे कोणालाही वाटेल. पण पाण्यात रंग मिसळून पाहिल्यावर कळले की तळ्याचे पाणी कड्याखालून येतच नाही. ते गावाच्याही दक्षिणेला असलेल्या एअर हेड या झऱ्यांतून वर येते, आणि कड्याखाली निघणारे पाणी माळावरच्या दुसऱ्याच ठिकाणी मुरलेले असते. पुढे ही सारी पाणी एकत्र येऊन एअर नदी होते. तीच नदी लीड्सच्या स्थानकाखालून वाहते, हे सांगितल्यावर आमच्या थोरलीने परतीच्या वाटेवर ओढ्यात एक काडी सोडली आणि ती घरी कधी पोहोचेल याचा हिशेब मांडायला घेतला.

तळ्यापर्यंत मुलांना चालत नेण्याची गरज नाही. मोटारीने वर जाऊन, ओढा गडप होतो त्या वॉटर सिंक्स येथील वाहनतळावरून तळ्याच्या काठाने जाणाऱ्या रुंद, सपाट वाटेवर तासभर फिरता येते. वर वारा फार असतो, एवढे लक्षात ठेवावे.

गाई, मेंढ्या आणि कुत्री

गाय दिसली की पाठीवरून हात फिरवायला जाण्याची आपली सवय येथे आवरावी. या भागात काळ्या अंगावर रुंद पांढरा पट्टा असलेल्या बेल्टेड गॅलोवे जातीच्या गाई चरतात. त्या सहसा शांत असतात, पण वासरू सोबत असेल तर कोणतीही गाय अंगावर येऊ शकते. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नये. कळप वाटेवरच असेल तर लांबून वळसा घालावा, धावू नये, हातवारे करू नयेत. एप्रिलच्या सुमारास मेंढ्यांची पिले असतात. एकटे दिसणारे कोकरू बहुधा हरवलेले नसते, त्याची आई जवळच असते. ते उचलू नये. कुत्रे सोबत असेल तर १ मार्च ते ३१ जुलै या काळात खुल्या माळांवर त्याला दोन मीटरपर्यंतच्या दोरीने बांधून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि मेंढ्यांजवळ ते वर्षभर पाळावे.

अडचण आल्यास, आणि घरी परतल्यावर

कोणाला गंभीर दुखापत झाली तर ९९९ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करून आधी पोलीस आणि मग पर्वतीय बचाव पथक मागावे. येथील पथके स्वयंसेवकांची असतात आणि मदतीचे पैसे घेत नाहीत. रेंज क्षीण असताना कधी कधी फोन लागत नाही पण संदेश जातो; त्यासाठी घरी असतानाच ९९९ वर इंग्रजीत ‘रजिस्टर’ असा संदेश पाठवून फोनची नोंदणी करून ठेवावी. शिट्टीचा संकेत मुलांनाही शिकवावा: मिनिटभरात सहा फुंका, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा.

संध्याकाळी अंघोळीच्या वेळी मुलांच्या गुडघ्यांमागे, काखेत, कानांमागे आणि केसांच्या कडेला गोचीड चिकटलेली नाही ना, ते उजेडात नीट पाहावे. उंच गवतातून आणि नेचांतून चाललेल्यांना ती लागू शकते आणि तिच्यापासून लाइम हा आजार होऊ शकतो. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला त्वचेच्या अगदी जवळ धरून, न पिळता, सरळ वर ओढून काढावे. तेल किंवा काडेपेटीचे घरगुती उपाय करू नयेत. कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करून ठेवावी, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारे लालसर वर्तुळ दिसले किंवा तापासारखी लक्षणे जाणवली, तर डॉक्टरांना ती तारीख सांगावी.